पोळ्या लाटणारा हात रात्री बधिर होतो तेव्हा

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांची आहे. घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज २५० च्या आसपास पोळ्या जातात. पहाटे पाचला कणीक मळायला घेते, अकरापर्यंत डबे निघतात. भाजी चिरायला आणि भांड्यांना एक मावशी येतात, पोळ्या मात्र मीच करते. तीन-चार महिन्यांपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतंय. सांडशीने पातेलं उचललं की कळ येते. आता महिनाभर रात्री दोन-तीनला हात बधिर होऊन जाग येते. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, करंगळीला काही होत नाही. हात झटकला की बरं वाटतं. परवा चहाचा कप हातातून निसटला. मेडिकलमधून दुखायची गोळी आणते, ती घेतली की काम निभतं. वरून क्रेप बँडेज आवळून बांधते. सासूबाई म्हणतात वात आहे, तेल चोळ. हे म्हणतात सगळ्याच बायका पोळ्या लाटतात. एका मैत्रिणीने सांगितलं की हे शेवटी ऑपरेशनवर जातं. अलीकडे वजनही वाढलंय, दिवसभर थकल्यासारखं होतं. गणपती दीड महिन्यावर आलेत, उकडीच्या मोदकांसाठी लोकांचे फोन सुरू झालेत. मुलगी बारावीला आहे, धंदा बंद ठेवणं परवडणार नाही. मी काय करू?

एक वाचक, हडपसर


ताई,

आधी तुमच्या मनातल्या भीतीबद्दल बोलू. तुमचा हात कामातून गेलेला नाही, आणि तुमच्या पत्रावरून तरी धंदा बंद करायची वेळ आलेली दिसत नाही. पण आज जसं चाललंय तसंच गणपतीपर्यंत रेटलंत, तर मात्र दिवाळीला कदाचित वेगळं पत्र लिहावं लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात न बघता पत्रावरून निदान करणं योग्य नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचंच आहे. तरी तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की बराचसा उलगडा त्यातच होतो. करंगळीला काही होत नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तपासताना आम्ही हाच प्रश्न मुद्दाम विचारतो.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक कमान असते आणि तिच्यावर एक जाड, न ताणणारा पट्टा. या दोहोंमधल्या अरुंद बोगद्यातून बोटं आणि अंगठा मिटवणारे नऊ कंडरे (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) जातात आणि त्यांच्याच गर्दीतून एक नस जाते, मीडियन नर्व्ह. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्या भागाला संवेदना पुरवते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. मळण्या-लाटण्याने कंडऱ्यांभोवतीची आवरणं सुजली की बोगद्यात जागा उरत नाही आणि सगळ्यांत आधी नस चेपली जाते. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, त्याने दाब आणखी वाढतो, म्हणून रात्री दोन-तीनला जाग येते. हात झटकल्यावर बरं वाटणं ही तर या दुखण्याची ओळखीची खूण. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

अंगठ्याच्या मुळाशी येणारी कळ हे दुसरं, त्याच्या शेजारचं दुखणं असावं. अंगठा बाहेर आणि वर उचलणारे दोन कंडरे मनगटाच्या कडेला एका तंग नळीतून जातात. तिथे आवरण जाड झालं की अंगठा ताणून काही पकडताना कळ येते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून सतत उचलणाऱ्या आयांना हे खूप होतं. घरी एकदाच, हळू करून बघा: अंगठा तळव्यात घ्या, बाकीची बोटं त्यावर मिटवा आणि मूठ करंगळीच्या बाजूला थोडी झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी नेमकी तीच कळ आली, तर डॉक्टरांना तसं सांगा. पुन्हा पुन्हा करून बघू नका, त्यानेच जास्त दुखेल.

एकाच हातात ही दोन्ही दुखणी एकदम असणं नवलाचं नाही. तीच ती हालचाल, जोर लावून, विश्रांतीशिवाय, महिनोन्‌महिने झाली की असं होतं. रिपिटेटिव्ह स्ट्रेन इंजुरी हे अशा सगळ्या दुखण्यांचं सामायिक नाव. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये त्याची मोठी लाट आली आणि ते नाव सगळीकडे पोहोचलं. तेव्हापासून लोकांना वाटतं हे कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं. पण शिवणकाम करणाऱ्या, सोलापुरात विड्या वळणाऱ्या, पार्लरमध्ये थ्रेडिंग करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बायकांचे हात याच वाटेने दुखतात. त्या बायका दवाखान्यात उशिरा येतात आणि त्यांचं काम कुणी ‘काम’ म्हणून मोजत नाही, एवढाच फरक.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. सगळ्याच बायका पोळ्या लाटतात हे खरं. पण चार माणसांच्या घरात दिवसाला पंधरा-वीस पोळ्या होतात, तुमच्या २५०. एका पोळीला लाटणं पंधरा वेळा फिरतं असं धरलं, तरी रोज पावणेचार हजार वेळा तुमची मनगटं जोर लावून पुढे-मागे होतात. मळणं यात धरलेलंच नाही. हे मनाचे खेळ नाहीत आणि नाजूकपणाही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ही दोन्ही दुखणी कामामुळे होणारे आजार म्हणून नोंदलेली आहेत. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. त्यांना तुमची काळजी नाही असं मी म्हणत नाही. आकडा कुणी समोर मांडला नसेल, इतकंच.

सासूबाईंच्या तेलाला माझी हरकत नाही. कोमट तेलाने पंजा, हाताचा पुढचा भाग, खांदा हलकेच चोळला तर स्नायू सैल पडतात, झोपही बरी लागते. फक्त अंगठ्याच्या मुळाशी दुखतं तिथे दाबून रगडायचं नाही, आणि कुणी ‘नस बसवून’ देतो म्हणालं तर हात पुढे करायचा नाही.

क्रेप बँडेज मात्र आजपासून बंद. बोगद्यात आधीच जागा नाही आणि वरून तुम्ही तो आवळताय. रात्रीच्या बधिरपणात त्याचाही वाटा असू शकतो.

गोळीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. गोळी घेतली की काम निभतं, असं तुम्ही लिहिलंय. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती याच वाक्याची. दुखणं तुम्हाला थांब म्हणत असतं, गोळीने ते ऐकू येईनासं होतं, आणि ज्या पोळ्या तुम्ही दुखलं म्हणून लाटल्या नसत्या त्याही लाटून होतात. शिवाय या गोळ्या आठवडेच्या आठवडे स्वतःच्या मनाने घेतल्या तर पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर जरूर घ्या. कामाला उभं राहता यावं म्हणून पहाटे चहाबरोबर घेऊ नका.

हे दुखणं एका दिवसात येत नाही. आधी काम करतानाच दुखतं आणि हात थांबला की जातं. रविवारी सुट्टी घेतली की सोमवारी हात छान असतो. बहुतेक जणी इथेच फसतात, कारण जे आपोआप जातं त्याला कुणी आजार म्हणत नाही. पुढच्या टप्प्यात कामाला हात लावल्यावर थोड्याच वेळात दुखायला लागतं, संध्याकाळपर्यंत रेंगाळतं, झोप मोडते. त्याच्याही पुढे हात रिकामा असताना दुखतो, बधिरपणा दिवसभर राहतो, पकड जाते. तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर आहात आणि निसटलेल्या कपामुळे तिसऱ्याच्या उंबऱ्याशी. अजून विश्रांतीने, झटकण्याने तुम्हाला आराम पडतोय, म्हणजे नस चेपली जातेय पण सुटकाही होतेय. याच काळात साधे उपाय सगळ्यांत चांगले लागू पडतात.

दुखण्याच्याही आधी काही खुणा दिसलेल्या असतात, आठवून बघा. बरणीचं झाकण उघडायला मुलीला हाक मारायला कधीपासून सुरुवात झाली? उजव्या हातातलं कडं किंवा बांगडी काढून कधी ठेवली? नळ डाव्या हाताने बंद करणं, पिशवी नकळत दुसऱ्या हातात घेणं, लाटता लाटता मध्येच हात झाडणं, शेवटच्या पन्नास पोळ्या जाड किंवा वेड्यावाकड्या होणं. दुखतं असं तोंडाने म्हणायच्या कितीतरी आधी आपण असे छोटे छोटे बदल करून टाकतो. ही आठवण डॉक्टरांपुढे उपयोगी पडेल, आणि उद्या डाव्या हाताचं असं काही सुरू झालं तर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल.

आता करायचं काय ते बघू. पहिलं, याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर सरकारी ससून रुग्णालयात जा, तिथे फिजिओथेरपीचीही सोय आहे. जाताना वजन आणि थकव्याचं आवर्जून सांगा. थायरॉइड कमी पडत असेल तर वजन वाढतं, थकवा येतो, आणि मनगटातल्या त्या बोगद्यात सूज येऊन हीच नस चेपली जाते. मधुमेहातही नसा लवकर दुखावतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि साखर या दोन तपासण्यांबद्दल स्वतःहून विचारा. थायरॉइड निघालं तर नुसत्या गोळीने हाताचा निम्मा त्रास उतरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हे असू द्या: मी रोज २५० पोळ्या लाटते. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावलं की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारा. आजही दवाखान्यातल्या घाईत तो प्रश्न राहून जातो, आणि ‘गृहिणी’ एवढंच कागदावर लिहिलं जातं.

रात्रीसाठी मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट मुडपू न देणारा आधार, घ्या. तळव्याच्या बाजूला धातूची पट्टी असलेला, मापाचा. यात एक बारीक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही: अनेक तयार स्प्लिंटमधली पट्टी वरच्या दिशेला वाकवलेली असते. ती काढून सरळ करून घ्या, कारण मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब सगळ्यांत कमी असतो. बोटं मोकळी हलायला हवीत, वळ उठता कामा नये. रोज रात्री, न चुकता, सहा आठवडे. दोन रात्रींत फरक पडला नाही म्हणून कपाटात ठेवू नका. अंगठ्याला आधार देणारा वेगळा स्प्लिंट मिळतो, तो दिवसा, हात मोकळा असताना लावायचा. लाटताना यातलं काहीच लावू नका, स्प्लिंटच्या विरुद्ध जोर लावून कोपर आणि खांदा दुखायला लागतो. दोन्हींचं काम एकातच होईल असाही मिळतो, फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या.

स्माइली बॉल दाबायचा व्यायाम तुम्हाला कुणीतरी नक्की सांगणार. करू नका. तुमचा हात दिवसभर दाबायचंच काम करतोय. त्याऐवजी हलक्या हालचाली करा: बोटं सरळ, मग नुसती टोकं वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. पाच वेळा, सावकाश, दिवसातून चार-पाचदा, मुंग्या न येता. जोर वाढवायचे व्यायाम नंतर, कुणी शिकवल्यावर.

पण ताई, स्प्लिंट आणि व्यायाम हे निम्मंच. पहाटे पाच ते अकरा हात जे करतो ते बदललं नाही, तर रात्री सहा तास स्प्लिंटने कमावलेलं सकाळी सहा तासांत जाईल.

सगळ्यांत जड काम लाटणं नव्हे, मळणं. तिथेच पहिली सुटका करा. पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मळू नका. पीठ पाणी शोषून घेतं आणि लवचिकपणा बराचसा आपोआप येतो, मग मळायला निम्मा जोर पुरतो. कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवा, सैल कणीक लाटायलाही हलकी. आणि आता कणीक मळायचं यंत्र घ्यायची वेळ आली आहे असं मला वाटतं. हप्त्याने मिळत असेल तर हप्त्याने घ्या. तुमच्या धंद्याचं खरं यंत्र तुमचा उजवा हात आहे, आणि त्याला पर्याय बाजारात मिळत नाही.

पोळपाटाची उंची बघा. ओट्याशी उभं राहून लाटता की खाली बसून, ते तुम्ही लिहिलेलं नाही. उभ्याने लाटत असाल तर पोळपाट कोपरापेक्षा साधारण वीतभर खाली हवा. ओटा उंच असला की खांदे वर चढतात आणि मनगट मागे मुडपून जोर लावावा लागतो. पायाखाली रुंद, न डगमगणारा, न घसरणारा लाकडी पाट घ्या. लाटणं आखूड असेल तर दोन्ही हात जवळजवळ येतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात, अंगठ्याच्या त्या दुखऱ्या नळीला नेमकं तेच नको असतं. जरा लांब लाटणं घेऊन बघा, आणि मुठीत आवळण्याऐवजी तळव्यांखाली फिरवा, जोर खांद्यातून येऊ द्या. मुलीला सांगून समोरून मिनिटभराचा व्हिडिओ काढून घ्या. आपलं मनगट कुठे वळतं हे आपल्याला लाटताना कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं. तो डॉक्टरांनाही दाखवा.

थांबायचं कधी, हे दुखण्यावर सोडू नका. पोळ्यांवर ठरवा. तीस पोळ्या झाल्या की लाटणं खाली, दुखत असो वा नसो. पाच मिनिटं भाजी परता, डब्यांची झाकणं पुसा, खांदे फिरवा, पाणी प्या. भाजणं मावशींना जमत असेल तर सलग लाटण्याऐवजी तुम्ही दोघी आलटून पालटून लाटा-भाजा. त्यांना थोडे पैसे वाढवून द्यावे लागतील, द्या. फक्त सगळं मळणं-लाटणं त्यांच्यावर टाकू नका, नाहीतर सहा महिन्यांनी हेच पत्र त्या लिहितील. सगळा भार डाव्या हातावर टाकणंही तसंच. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या रामाझ्झिनींनी एका लेखनिकाची हकीकत नोंदवली आहे: आयुष्यभर लिहून लिहून त्याचा उजवा हात लुळा पडला, त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं आणि काही काळाने डाव्यालाही तेच झालं.

अकरानंतर डबे निघतात, पण तुमच्या हाताची पाळी संपत नाही. घरातली कामं मोजा. कपडे पिळणं अंगठ्याला आणि मनगटाला फार वाईट, तेव्हा मशीनमध्ये सुकवा किंवा निथळत वाळत घाला, पिळायचं काम यजमानांना द्या. फरशीचं फडकं पिळणं तसंच. सांडशीने भरलेलं पातेलं उचलताना सगळं वजन एका अंगठ्यावर येतं, तिथेच तुम्हाला कळ येते. दोन कान असलेलं पातेलं घ्या, जाड फडक्याने दोन्ही हातांनी, तळवे वर ठेवून उचला, किंवा आमटी डावाने काढून घ्या, पातेलं ओतू नका. नारळ खोवणं काही दिवस दुसऱ्या कुणाकडे. आणि फोन! गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर ऑर्डरीची उत्तरं कोणत्या अंगठ्याने टाइप करता? बोलून मेसेज पाठवा.

हे सगळं करूनही पहिले दोन-तीन आठवडे पोळ्या कमी कराव्याच लागतील. २५० वरून दीडशेवर याल तर बरं. मिळकतीवर ताण येईल, हे मी हलक्यात घेत नाही. पण तुमच्याकडे रोज डबा घेणारे लोक तुमच्या पोळीला धरून आहेत. आठवड्यातले दोन दिवस पोळीऐवजी भात-आमटी, खिचडी-कढी असा बेत ठेवलात तर बहुतेक जण समजून घेतील. सरळ सांगा, हात दुखावलाय, उपचार चालू आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही.

मोदकांचं तुम्ही विचारलंत. उकडीचे मोदक या हाताने करू नका, यंदा तरी नाही. गरम उकड मळणं, खोवलेला नारळ, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत एकेका मोदकाच्या कळ्या पाडणं, तुमच्या दोन्ही दुखण्यांना जे नको तेच सगळं या एका पदार्थात आहे. घरच्या नैवेद्याचे अकरा-एकवीस करा, तेही मुलीच्या मदतीने. ऑर्डरी घ्यायच्याच असतील तर कळ्या पाडायला शेजारच्या दोघी-तिघींना मोदकामागे पैसे ठरवून बसवा, तुम्ही सारण आणि वाफेचं बघा. किंवा साच्याचे करणार असं आधीच सांगून भाव कमी लावा. मला विचाराल तर खिरापतीची पाकिटं करा. खोबरं मिक्सरमधून काढलं तर हाताला काम फार नाही, आधी करून ठेवता येते, आणि दहा दिवस घरोघरी लागते. फोन येतायत तेव्हा आत्ताच तसं सांगून टाका, चतुर्थीच्या आठवड्यात नाही म्हणणं जड जाईल.

ऑपरेशनबद्दल. प्रत्येकीचं दुखणं तिथवर जात नाही. वेळेवर सुरुवात केली तर बऱ्याच जणींना स्प्लिंट आणि कामातला बदल पुरतो. नाही पुरलं तर डॉक्टर इंजेक्शन सुचवतील. त्यात स्टेरॉइड असतं हे ऐकून घाबरू नका, ते त्या जागेपुरतं असतं. अंगठ्याच्या दुखण्यात त्याचा गुण अनेकदा चांगला येतो. कार्पल टनेलमध्ये आराम पडतो, पण काहींना काही महिन्यांनी त्रास परत सुरू होतो. साखर निघाली तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढू शकते, तेवढं लक्षात ठेवा. ऑपरेशन म्हणजे तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देणं. छोटं असतं, बहुतेकदा हातापुरती भूल देऊन करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात, पण नंतर काही आठवडे मळणं-लाटणं बंद ठेवावं लागतं. खरी गरज असेल तर तेही लांबवू नये. नस फार काळ चेपलेली राहिली तर नंतर पट्टा कापूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

म्हणून काही गोष्टी दिसल्या तर सहा आठवडे वाट बघायची नाही. बधिरपणा दिवसभर राहू लागला; वस्तू वारंवार निसटू लागल्या; शर्टाचं बटण लावता येईना; दोन्ही तळवे शेजारी धरल्यावर उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा डाव्यापेक्षा बसका दिसू लागला, तर लगेच जा. मानेतून हातात कळा येत असतील तर दुखण्याचं मूळ मानेत असू शकतं. सकाळी दोन्ही हातांची बोटं सुजून तासभर वळत नसतील तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, त्याचा उपचार वेगळा. मनगट लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक वही करा. रोज रात्री किती वेळा जाग आली आणि किती पोळ्या लाटल्या, एवढंच लिहा. जाग येणं थांबून दोन आठवडे गेले की आठवड्याला वीस-पंचवीस पोळ्यांनी वाढवत जा. एखाद्या आठवड्यात त्रास डोकावला तर मागच्या आकड्यावर या आणि तिथे थोडे दिवस थांबा. कंडरे सावकाश सुधारतात, दुखणं गेलं म्हणून एकदम २५० वर उडी मारलीत तर तेच पुन्हा सुरू होईल. आणि स्प्लिंट नीट लावून, काम कमी करूनही तीन आठवड्यांत रात्रीची जाग कमी झाली नाही, तर डॉक्टरांना नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीबद्दल विचारा, नस कितपत दुखावली आहे ते त्यात कळतं. थायरॉइडचा रिपोर्ट आणि ही वही यातलं काय निघालं ते मला कळवा, पुढचं त्यावर बोलू.